खालांचा फ्रिज आणि माझी तब्येत

हमीदाखाला पारकर यांच्यामुळे मी आज मस्कतला आहे आणि माझ्यामुळे त्यांचा फ्रिज बंद आहे. उपकार आणि नुकसान दोन्ही एकाच दिवशी, एकाच जिन्यात झालं. म्हणून आधी त्यांचं नाव घेतो आणि मग झालेला प्रकार सांगतो. मी सातवीत शाळा सोडली (खरं म्हणजे शाळेनेच मला सोडलं, मी फक्त आडवा गेलो नाही), त्यामुळे लिहिण्यात इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या. प्रकार मात्र जसाच्या तसा आहे.

गोष्ट त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराची. मी सातारा जिल्ह्यातला, वाशीच्या एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर माथाडी. राहायला तळवलीत, एका चार मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. इमारतीत लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. मालकांना विचारलं की ते म्हणायचे, "येनार हाय." तोवर त्या जागेत लोक सायकली ठेवायचे आणि एका पावसाळ्यात कुणीतरी कोंबड्याही पाळल्या होत्या.

खालांचं दार आमच्या दारासमोर. मूळच्या श्रीवर्धनकडच्या. त्यांचे यजमान अब्दुलचाचा वीस वर्षं बहरीनला राहून परत आले, येताना एक उंच, पांढरा फ्रिज घेऊन आले आणि दोन वर्षांत वारले. फ्रिज राहिला. अख्ख्या इमारतीत तो एकच. कुणाच्या पोराला ताप आला की बर्फ खालांकडचा, कुणाकडे पाहुणे आले की थंड पाणी खालांकडचं. "फ्रिज कसला, पाणपोई हाय ती," असं खालाच म्हणायच्या, पण दार कधी लावून घ्यायच्या नाहीत.

आता माझ्याविषयी. मला जगात एकच विद्या येते. बंद पोत्याला बाहेरून नाक लावून आतला कांदा नासायला लागलाय की नाही, हे मी सांगतो. आमच्या शेठच्या भावाचं मस्कतला गोदाम होतं. बोटीने माल जायचा आणि निम्मा वाटेतच नासायचा. शेठ एक दिवस म्हणाले, "सुभाष, तुझं नाक मस्कतला पाठवायचंय." नाक एकटं जात नसल्यामुळे मलाही जावं लागणार होतं.

ह्या नोकरीत पाठीवर ओझं नव्हतं. खुर्चीवर बसायचं आणि वास घ्यायचा. माझे वडील पोती वाहता वाहता पंचेचाळिशीत वाकले ते शेवटपर्यंत सरळ झालेच नाहीत. निजलेही वाकूनच आणि गेलेही वाकूनच. मी तेव्हा एकतिशीत होतो, माझी पोरगी पिंकी तीन वर्षांची. सकाळी उठताना कंबर जरा धरली की मला वडील आठवायचे. त्यामुळे शेठचं बोलणं ऐकून मी रात्रंदिवस एकाच काळजीत होतो, की हे हातचं जाऊ नये.

अट एकच होती. मस्कतच्या मालकाला माझ्या विम्याचा कागद हवा होता. परक्या मुलखात माणूस आजारी पडला, हातपाय मोडून बसला किंवा मेलाच, तर ती भानगड त्यांच्या गळ्यात नको. शुक्रवारपर्यंत कागद आला तर मी जाणार, नाहीतर माझ्या जागी अंकुश. अंकुशचं नाक बारा महिने सर्दीने चोंदलेलं, पण तो शेठच्या ड्रायव्हरचा मेहुणा.

खाला त्या आठवड्यात भाचीच्या लग्नाला गावी चालल्या होत्या. जाता जाता जिन्यातून म्हणाल्या, "विम्याचा फारम दोन माग. पहिला फारम बिघडतोच." मला वाटलं, बाई उगाच घाबरवतायत.

विम्याचे एजंट शेवाळे साहेब सोमवारी आले. फॉर्म दोन दिले आणि समोर बसून एकेक कलम वाचू लागले. घरात मी, माझी बायको मंगल, आई आणि माझे चुलते तात्या. तात्या मार्केटात आमच्या टोळीचे मुकादम, त्यामुळे कुठल्याही कागदासमोर पुढे तेच बसायचे. फॉर्म इंग्रजीत, त्यामुळे वाचता मात्र कुणालाच येत नव्हतं.

"परदेशात दवाखान्याचा खर्च, हे एक," शेवाळे म्हणाले. "अपघात, हे दोन. पुढे बायको-मुलं तिकडे गेली तर त्यांचा दवाखाना, हे तीन. आणि चौथं म्हणजे, तसंच काही झालं, तर मृतदेह मायदेशी आणण्याची सोय."

आईने पदर तोंडाला लावला. तात्यांनी मात्र कान टवकारले.

"मायदेशी म्हंजे कुठवर?" त्यांनी विचारलं.

"विमानतळापर्यंत."

"आन् तितनं फुडं? टेम्पो कुणी बघायचा?"

"ते घरच्यांनी बघायचं."

"टेम्पोचं मी बघतो," तात्या म्हणाले. "पर नेयचा कुठं ते आत्ताच ठरवा. मागनं भांडणं नकोत."

"गावाला," आई म्हणाली. "ओढ्याकाठी, त्याच्या बापाशेजारी."

"आत्या, मी इथं, पिंकी इथं," मंगल सासूला म्हणाली. "आधी इथं आणायचं ह्यांना. मला बघायचं नाही का?"

"चार मजले चढवायचं, ते परत खाली आणायला का? लिफ्ट हाय का?" आई म्हणाली.

"मग खालीच ठेवू. लिफ्टच्या जागेत."

"तिथं सायकली हायत्या."

"सायकली काढतील की लोक. एवढं पण करणार नाहीत का?"

तात्यांनी मधला मार्ग काढला. टेम्पो आधी तळवलीला येईल, खाली दोन तास थांबेल, मग गावाला जाईल. मला ते बरं वाटलं. मी म्हणालो, "तात्या, मी चहा ठेवू का?"

"तू मधी बोलू नको," तात्या म्हणाले. "तुला कुणी इचारलंय का?"

जाताना शेवाळे उंबऱ्यात थांबले. "गुरुवारी कंपनीचे डॉक्टर घरी येऊन तपासतील. त्यांना सगळं सांगायचं, काही लपवायचं नाही. लपवलं तर विमा बाद." एवढं बोलून ते गेले, आणि आमच्या घराचा सत्यानाश ह्याच वाक्याने केला.

"ऐकलं का?" तात्या म्हणाले. "काय बी लपवायचं न्हाय. म्हंजे जेवढं जास्ती सांगाल तेवढं चांगलं."

तात्यांचा कागदांचा अनुभव दांडगा. गावात एकदा पुराचं पाणी शिरलं तेव्हा पंचनाम्याला तलाठी आला होता. आमची पडवी पडली होती. शेजाऱ्याने पडवी पडली म्हणून सांगितलं, त्याला काहीच मिळालं नाही. तात्यांनी घर पडलं म्हणून सांगितलं, तलाठ्याने निम्मं कापलं आणि बरोबर पडवीचे मिळाले. तेव्हापासून तात्यांचा नियम होता. कागद घेऊन माणूस दारात आला की रडायचं. "हसत्या माणसाला सरकारनं आजवर काय दिलंय, सांग बघू मला," असं ते विचारायचे.

मला जरा शंका आली होती. पण मी तरी आयुष्यात कुठल्या कागदाला 'मी बरा आहे' असं सांगितलं होतं? रेशनकार्डावर आम्ही गरीब, पंचनाम्यात आम्ही बुडालेले आणि रजेच्या अर्जात आम्ही तापलेले. धडधाकट माणसाचा फॉर्म असतो, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

तयारी सुरू झाली. तीन दिवस दाढी बंद. गुरुवारी सकाळचा नाश्ता बंद, म्हणजे गाल आत जातील. मंगलने कपाळाला एवढा बाम चोळला की माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तर आई म्हणाली, "बरं दिसतंय, राहू दे." भर मे महिन्यात मला गोधडीत झोपवलं. तात्यांनी टोळीतले बाळू आणि सर्जा हे दोघे साक्षीदार आणून खाली थांबवले. हाक मारली की त्यांनी वर येऊन सांगायचं, की हा पोतं उचलताना परवा चक्कर येऊन पडला.

डॉक्टर बारा वाजता आले. चार मजले चढून आल्यावर त्यांना बोलताच येईना. खुर्चीत बसून ते नुसते हाताने 'पाणी' म्हणत होते. मी गोधडीतून त्यांच्याकडे काळजीने बघत होतो. खरं सांगायचं तर त्या खोलीत आजारी असा एकच माणूस होता आणि तो खुर्चीत बसला होता.

श्वास जागेवर आल्यावर त्यांनी विचारलं, "काही त्रास?"

"काय न्हाय त्ये इचारा," तात्या म्हणाले.

मग जे सुरू झालं ते मी पडल्या पडल्या ऐकत होतो आणि माझी मलाच दया येत होती. दम, चक्कर, छातीत कळ, पित्त, सांधे. लहानपणी आलेला गोवर आईने काल आल्यासारखा सांगितला. मंगल म्हणाली, "झोपेत हे ओरडतात." (कांद्याचे भाव ओरडतो, पण ते तिने सांगितलं नाही.) दाराशी मासळीची पाटी घेऊन सरसूआजी टेकली होती, तळवलीचीच जुनी बाई. तिनेही आपला वाटा उचलला. "यो पोर रातभर खोकतं. मना झोप लागत नाय." खोकायचे ते तिचे स्वतःचे म्हातारे.

"वडील कशाने गेले?"

"कंबरंनं," आई म्हणाली.

"आणि आजोबा?"

"त्यांचं काय सांगू डॉक्टर. ते दोनदा गेले."

हे मात्र खरं आहे. आजोबांना एकदा तिरडीवर ठेवल्यावर ते उठून बसले होते आणि पुढे सहा वर्षं जगले. डॉक्टरांनी फॉर्मवर हे लिहायला रकाना शोधला, तो सापडेना, तेव्हा त्यांनी कडेला आडवं लिहिलं.

ते लिहीत होते आणि आमच्या घरात आनंद पसरत होता. "लिहितायत, लिहितायत," मंगल आईच्या कानात म्हणाली. एक पान भरलं. तात्यांनी माझ्याकडे बघून मिशीला हात लावला. मी खूश होऊन एकदा खोकलो.

मग डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "ह्यांना परदेशी पाठवायचं म्हणता? मी तर म्हणेन, ह्यांना खालच्या मजल्यावरसुद्धा पाठवू नका. विमा नामंजूर."

"म्हंजे मिळाला नव्हं?" तात्यांनी विचारलं.

"अहो, नामंजूर. विमा धडधाकट माणसाला देतात."

तात्या म्हणाले, "धडधाकटाला कशापायी लागतोय विमा?"

डॉक्टर बॅग आवरायला लागले. (ह्या प्रश्नाचं उत्तर मस्कतला इतकी वर्षं काढून मलाही अजून मिळालेलं नाही.)

मी गोधडी फेकून उठलो. डोळ्यांपुढे अंकुश विमानात बसलेला दिसत होता, चोंदलेल्या नाकासकट. "डॉक्टर, मला काही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे."

"झोपा, झोपा," डॉक्टर घाबरून म्हणाले. "असं एकदम उठू नका." आणि तात्यांना हळूच विचारलं, "हे असं मधूनमधून होतं का?" तात्या सवयीने "व्हय" म्हणून गेले. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढून तेही लिहिलं.

ते निघाले. मी विनवण्या करत मागोमाग. म्हटलं निदान बॅग तरी घेतो, तर ते म्हणाले, "राहू द्या, जड आहे."

तळमजल्यावर जिन्याच्या तोंडाशीच वाट अडली होती. मधोमध खालांचा फ्रिज उभा. बाजूला बाळू आणि सर्जा घाम पुसत होते आणि लग्नाहून आलेल्या खाला आपल्या ट्रंकेवर बसल्या होत्या.

"सुभाष, बरा भेटलास," त्या म्हणाल्या. "हा घे वरती."

"खाला, हा खाली कसा आला?"

"रिपेरला गेला होता. घे म्हणते ना. दोघांनी धरला तर वळणावर अडकतो. एकटा घे."

डॉक्टर पुढे झाले. "बाई, तुम्हाला कल्पना नाही. हे गंभीर आजारी आहेत."

"कोण, हा?" खालांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "असंल. फ्रिज वर जाऊ दे, मग काय मरायचं ते मर बाबा."

पुढचं मी केलं नाही, माझ्या पाठीने केलं. पंधरा वर्षांची सवय. कुणी 'घे' म्हटलं की माझं डोकं विचार करायच्या आत पाठ वाकते. खांद्यावरच्या फडक्याची चुंबळ झाली, बाळू-सर्जाने फ्रिज कलता करून पाठीवर दिला आणि मी निघालो. मागून डॉक्टर ओरडत येत होते, "अहो, ठेवा खाली! तुमचं हृदय!" पहिल्या मजल्यापर्यंत त्यांचा आवाज ऐकू आला, दुसऱ्यावर अर्धा, तिसऱ्यावर नुसता श्वास. तिसऱ्याच्या वळणावर फ्रिजचा कोपरा भिंतीला जरा जोरात लागला, आतून काहीतरी 'टण्ण' वाजलं. मी थांबलो नाही. खालांच्या स्वयंपाकघरात फ्रिज टेकवला, परत तिसऱ्यावर गेलो आणि पायरीवर बसलेल्या डॉक्टरांना काखेत हात घालून वर आणलं.

डॉक्टरांनी खालांच्या खुर्चीत बसून माझं मनगट धरलं. एकदा मोजलं. परत मोजलं. "बहात्तर," ते म्हणाले. स्वतःचे ठोके त्यांनी मोजले नाहीत, ते बरंच केलं.

मला वाटलं आता झालं. पण डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे सगळं खोटं? हे तर आजारापेक्षा वाईट. खोटी माहिती दिली म्हणून तुमचं नाव कायमचं काळ्या यादीत जाईल. ह्या जन्मात विमा मिळणार नाही."

तात्या दारात उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रडू आलं तेव्हा कुणी पंचनामा करत नव्हतं. "माझी चूक हाय डॉक्टर," ते म्हणाले. "पोराची न्हाय."

तेव्हा खाला मधे आल्या. आवाज वगैरे चढवला नाही, डॉक्टरांच्या हातात सरबताचा पेला दिला आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाब, तुमी मला सांगा. ह्या लोकांनी आजवर जेवढे फारम बघितले, त्यात जास्त रडेल त्याला जास्त मिळतं. ज्यात हसायचं असतं असा फारम ह्यांच्या दारात आज पयल्यांदा आला. कुणी सांगितलं होतं का त्यांना? तुमी सांगितलं? एजंटनी सांगितलं? लपवू नका म्हणाला, बस. तर नाय लपवलं बिचाऱ्यांनी. नव्हतं ते पण काढून दिलं."

डॉक्टर हसले. आधी नाकातून, मग नीट. "पण बाई, मी सगळं शाईने लिहिलंय. खोडता येत नाही."

"सुभाष," खाला म्हणाल्या, "दुसरा फारम आण. मागितला होतास ना?"

दुसरा फॉर्म खालांसमोर भरला. डॉक्टरांनी ह्या वेळी छाती, नाडी, डोळे सगळं स्वतः तपासलं आणि घरच्यांना गॅलरीत उभं केलं. शेवटी त्यांनी विचारलं, "आजोबा कशाने वारले?" मी आईकडे बघितलं, आईने खालांकडे.

"म्हातारपणाने," मी म्हणालो. "एकदाच."

शुक्रवारी कागद शेठच्या हातात पडला. अंकुशने मला मोठ्या मनाने नारळ दिला आणि तीनदा शिंकला.

निघायच्या आदल्या दिवशी मार्केटात बाळूने मला चहा पाजला. मी म्हटलं, "नशीब बघ, खालांचा फ्रिज नेमका त्याच दिवशी रिपेर होऊन आला."

"रिपेर कसला?" बाळू म्हणाला. "लग्नावरनं आली ती तुमच्या दाराशी थांबून समदं ऐकत होती. तुझा गोवर चालू होता तवा खाली आली आन् आमाला म्हणाली, चला वर, बोंबलायला आलायसा नव्हं, त्यापेक्षा फ्रिज खाली घ्या. चालू फ्रिज बटण बंद करून काढला तिनं. तुमच्या गोंधळात कुणाला चाहूल बी लागली न्हाय. आतलं दूध पातेल्यात ओतून ठिवलं."

मी चहा तसाच ठेवला. डॉक्टरांना दिलेल्या सरबताच्या पेल्यावर गार थेंब जमले होते, हे मला तेव्हा आठवलं. फ्रिज रिपेरला असता तर एवढं गार पाणी कुठून आलं असतं?

मस्कतला आल्यावर चौथ्याच दिवशी गोदामाच्या पायरीवरून घसरून माझा घोटा मुरगळला. विम्याचा कागद खिशात होता, दवाखाना समोर होता. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठे दुखतंय?" मला वाटलं, हा परत तपासणीचा डाव. मी म्हणालो, "कुठेच नाही. एकदम फिट." महिनाभर लंगडलो. इतके हाल करून मिळवलेला विमा मी पहिल्या वेळेला धडधाकट राहून वाया घालवला.

सहा महिन्यांनी मंगल आणि पिंकी आल्या. मंगलने येताना चटणी आणली, लोणचं आणलं आणि बातमी आणली. निघायच्या आधी पिंकीला ताप आला म्हणून ती बर्फ मागायला समोर गेली होती. खाला म्हणाल्या, "बर्फ नाय ग आता," आणि फ्रिज उघडून दाखवला. आत त्यांचे ठेवणीतले कपडे घड्या घालून ठेवलेले, वरच्या कप्प्यात अब्दुलचाचांची टोपी. त्या दिवसापासून तो थंडच करत नव्हता. रिपेरवाल्याने हात टेकले होते. "मग आम्हाला सांगितलं का नाही?" मंगलने विचारलं. "काय सांगायचं?" खाला म्हणाल्या. "झुरळं जात नाईत आत. कपाट म्हणून झ्याक हाय."

खाला, हे पत्र नाही, पण तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेल म्हणून लिहितो. नवा फ्रिज मी बघून ठेवलाय, दोन दारांचा. एक दिवस तो घेऊन येणार आणि एकाही हमालाला हात लावू न देता, माझ्या पाठीवरून चौथ्या मजल्यावर चढवणार. शब्द म्हणजे शब्द. फक्त थोडी मुदत द्या. इथे खुर्चीत बसून कांद्याचे वास घेता घेता माझं पोट बरंच पुढे आलंय, परवा दुसऱ्या मजल्यावरच मला कठड्याला धरून उभं राहावं लागलं. लिफ्ट बसली तर कळवा. आणि तोपर्यंत माझ्या तब्येतीचं कुणी विचारलं, तर मी कसा आहे ते तुम्हीच सांगा. तात्यांना विचारू देऊ नका.